नावाचं भाडं

२०२२ साली शब-ए-बारात आणि धुळवड एकाच दिवशी आली होती, १८ मार्चला. रत्नागिरीत सकाळी शिमग्याचे ढोल आणि रात्री कब्रस्तानाकडे जाणाऱ्या माणसांची रांग, असा तो दिवस. मी कब्रस्तानातून घरी आलो आणि फोन वाजला. कुवैतहून माझा एक जुना विद्यार्थी बोलत होता.

"अस्सलामु अलैकुम सर. रमजान जवळ आलाय म्हणून मंडळाची साइट उघडली. तिच्यावर रम्मीची जाहिरात कशी काय?"

मला वाटलं, याच्या फोनमध्ये काहीतरी घुसलं असणार. मी माझ्या फोनवर पत्ता टाकला. वर इंग्रजीत मंडळाचं नाव, आणि खाली रम्मी, कर्ज, लग्नाची स्थळं. शब-ए-बारातच्या रात्री मिरकरवाड्यातल्या शिष्यवृत्ती मंडळाच्या पत्त्यावर जुगाराची पाटी!

मंडळ लहानच आहे. पाच-सहा शिक्षक, दोन होडीमालक, एक मेडिकलवाला आणि गल्फमध्ये कमावणारी काही मुलं. वर्षाला तीस-पस्तीस विद्यार्थ्यांची फी भरायची, जमाखर्च सर्वांना दिसेल असा साइटवर टाकायचा, एवढंच काम. बहुतेक पैसा रमजानमध्ये येतो. दुबईत किंवा कुवैतमध्ये बसलेला माणूस पैसे पाठवण्याआधी तो पत्ता उघडून गेल्या वर्षीचा हिशेब बघतो. शिवाय त्याच साइटवर आम्ही एक छंदाचं काम केलं होतं. शिडाच्या गलबतांवर उमेदवारी केलेल्या अकरा जुन्या तांडेलांचे आवाज नोंदवून ठेवले होते. मलबारच्या फेऱ्या, वाऱ्याची नावं, कौलं आणि मीठ भरण्याची रीत. बोलणारे सगळे ऐंशीच्या पुढचे. २०२२ पर्यंत त्यांतले नऊ जण अल्लाहला प्यारे झाले होते.

पुढच्या पंधरा दिवसांत मी जे शिकलो ते बीएडला कोणी शिकवलं नव्हतं. चिडचिड ओसरल्यावर नेहमीची खोड उफाळली आणि या नावांच्या धंद्याची तवारीख शोधत बसलो. आज तीच सांगतो, मधे मधे आमची कर्मकहाणी घालून.

आमच्या बंदरात प्रत्येक होडीला दोन ओळखी असतात. एक नोंदणीचा क्रमांक, जो सरकार देतं आणि जो मत्स्य खात्याच्या कागदांवर, डिझेलच्या कोट्यात, तटरक्षक दलाच्या तपासणीत चालतो. दुसरं नाव. ते मालक ठरवतो, रंगारी नाळेवर रंगवतो, आणि जेटीवर सगळे होडीला त्याच नावानं ओळखतात. क्रमांक कोणाच्या लक्षात राहतो? इंटरनेटचंही असंच आहे. प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो आणि यंत्रं एकमेकांशी आकड्यांतच बोलतात. नावं फक्त माणसांसाठी.

सुरुवातीला या नावांची एकच यादी होती. अमेरिकेत आर्पानेट नावाचं जाळं होतं, त्यात मोजके संगणक. कोणत्या नावाचा कोणता आकडा हे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधलं एक छोटं कार्यालय लिहून ठेवी. तिथल्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवा संगणक जोडायचा असेल तर त्यांच्या कार्यालयाला कळवायचं, त्या यादीत ओळ घालायच्या, आणि सगळे ती फाइल उतरवून घ्यायचे. गावच्या तलाठ्याकडे एकच वही असावी तसं. पुढे संगणक वाढले आणि वही पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तोड काढली. एकच वही नको. वरची कचेरी फक्त एवढं सांगेल की अमुक गटाची वही अमक्याकडे आहे, आणि तो पुढचं सांगेल. हीच डोमेन नेम सिस्टीम. कॉम, एज्यु, गव्ह हे गट याच काळात ठरले. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीनं आपलं नाव नोंदवलं. डॉट कॉममधलं ते पहिलं नोंदलेलं नाव.

आज ऐकायला खोटं वाटेल, पण तेव्हा नावाला पैसे पडत नव्हते. अर्ज करा, नाव घ्या. अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन खर्च उचलत होती आणि १९९३ पासून नोंदणीचं काम नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे दिलेलं होतं. मग वेब आलं, व्यापारी आले, अर्जांचा ढीग झाला. सप्टेंबर १९९५ मध्ये कंपनीला फी घ्यायची परवानगी मिळाली. दोन वर्षांचे १०० डॉलर, पुढे वर्षाला ५०. त्यातले ३० टक्के सरकारी निधीत जायचे. तो हिस्सा म्हणजे मंजुरीविना लावलेला कर आहे, असा खटला झाला आणि १९९८ मध्ये तो काढावा लागला. मग वर्षाचा दर ३५ डॉलरवर आला. हा ३५ चा आकडा लक्षात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे.

त्या सप्टेंबरात नुसती फी लागली नाही. नाव ही पट्ट्यावर घ्यायची चीज झाली. तोपर्यंत तुम्ही यादीत होता. आता मुदतीपुरते यादीत होता.

आमच्या भागातल्या जुन्या कागदांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यात ओळखीचं काही दिसेल. आदिलशाहीतले इनामाचे, वतनाचे कागद पाहा. त्यांत शेवटाकडे एक ठरीव कलम असतं : या माणसाकडे दरसाल ताज्या खुर्दखताची मागणी करू नये, नक्कल ठेवून घ्यावी आणि मूळ कागद त्याच्याजवळ परत द्यावा. खुर्दखत म्हणजे हुकूमनामा. एक साधं कलम शेकडो कागदांत पुन्हा पुन्हा का लिहावं लागलं असेल? कारण स्थानिक अंमलदार दर वर्षी नवा कागद मागत असणार आणि प्रत्येक नव्या कागदामागे काहीतरी दक्षिणा असणार. बिचाऱ्या इनामदारानं थेट दरबारातूनच लिहून आणलं की बाबांनो, दर वर्षी छळू नका. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचा ग्राहक आणि त्याचं नूतनीकरण! आणि कागद सांभाळला नाही तर काय होतं, ते पुढे इंग्रजांच्या इनाम कमिशननं दाखवलं. १८५२ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी लागली. सनद दाखवता आली नाही अशा कितीतरी घराण्यांच्या जमिनीवर सारा बसला.

समुद्रावरचा दाखला तर आणखी जवळचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर कार्ताझ नावाचा परवाना सुरू केला. गलबत तुमचं, माल तुमचा, समुद्र खुदाचा. पण त्यांचा कागद जवळ नसेल तर गलबत जप्त. पुढे आंग्र्यांनीही आपली दस्तकं चालवली. कागद एका सफरीचा किंवा ठरावीक मुदतीचा असे. मुदत टळलेला कागद आणि कागद नसणं, यात पकडणाऱ्याच्या लेखी फरक नव्हता.

हे जरा लांबलं. पण उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाला 'मुदत', 'मिळकत', 'दस्त', 'हक्क', 'रद्द' हे शब्द एका ओळीत दिसले की राहवत नाही. नावाच्या या भानगडीसाठी लागणारे सगळे शब्द आपल्याकडे चारशे वर्षांपासून पडून आहेत.

आता नाव ही मिळकत आहे की नाही? याचा फैसला एका विचित्र खटल्यात झाला. १९९४ मध्ये गॅरी क्रेमन नावाच्या अमेरिकन उद्योजकानं एक नाव फुकटात नोंदवलं. नाव इथे लिहीत नाही, माझे विद्यार्थी हा ब्लॉग वाचतात. तीन इंग्रजी अक्षरांचा शब्द, तुम्हाला कळलाच असेल. पुढच्या वर्षी स्टीफन कोहेन नावाच्या भामट्यानं नेटवर्क सोल्यूशन्सला एक बनावट पत्र दिलं की मूळ मालक हे नाव सोडतो आहे. कंपनीनं मालकाला एक फोनही केला नाही. नाव कोहेनच्या खात्यात टाकलं. त्यानं त्यावर लाखो डॉलर कमावले. क्रेमन कोर्टात गेला आणि जिंकला, साडेसहा कोटी डॉलरचा हुकूमनामा मिळाला. पण तोवर कोहेन पैशांसकट देशाबाहेर पळाला होता. मग क्रेमननं कंपनीलाच धरलं. कंपनीचा बचाव ऐकण्यासारखा होता. तुम्ही आम्हाला एक पैसा दिला नव्हता, मग करार कसला? २००३ साली नवव्या सर्किटच्या अपील कोर्टानं सांगितलं, करार नव्हता हे खरं, पण नाव ही मालमत्ता आहे, आणि दुसऱ्याची मालमत्ता खोट्या कागदावर तिसऱ्याला देऊन टाकली तर जबाबदारी येते.

हा निकाल अमेरिकेतला. आपल्याकडे कोर्टांनी व्यापारचिन्हाच्या वाटेनं हा प्रश्न सोडवला. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रेडिफनं 'रॅडिफ' नावाच्या साइटविरुद्ध दाद मागितली. एका अक्षराचा फरक, आणि कोर्टानं रेडिफच्या बाजूनं मनाई दिली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखंच संरक्षण आहे. पण या सगळ्या लढाया मोठ्यांच्या. नाव बाजारात प्रसिद्ध असेल, वकील परवडत असेल, तर कोर्ट आहे. मिरकरवाड्यातल्या शिष्यवृत्ती मंडळाचं व्यापारचिन्ह कोणतं?

शब-ए-बारातच्या दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन लावला. त्यांचं नाव घेत नाही; जे झालं ते बहुतेक अशा कंपन्यांत होऊ शकलं असतं. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगा बोलला, अगदी अदबीनं.

"सर, हे डोमेन बारा जानेवारीला एक्स्पायर झालं आहे. सध्या रिडेम्पशनमध्ये आहे. रिस्टोर चार्ज साडेनऊ हजार, प्लस जीएसटी."

"अहो, वर्षाला आठशे रुपये भरतो आम्ही!"

"हो सर, रिन्यूअल आठशे. हा रिस्टोर चार्ज आहे. आणि सर, तुम्ही खातेदार नाही आहात. खातेदाराच्या ईमेलवर किंवा मोबाइलवर ओटीपी जाईल."

मग उलगडा झाला. २०१३ मध्ये साइट बनवली ती दुसऱ्या एका विद्यार्थ्यानं, हौसेनं, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ईमेलनं, स्वतःच्या कार्डानं. पहिलं वर्ष निम्म्या किमतीत मिळालं म्हणून आम्ही त्याची पाठ थोपटली होती. नंतर त्यानं 'ऑटो-रिन्यू' चालू करून ठेवलं. दर वर्षी त्याच्या कार्डातून पैसे जात आणि आम्ही त्याला रोख देत होतो. २०१९ मध्ये तो कतारला गेला. इथलं सिम रिचार्जविना बंद पडलं, जुना ईमेल तो उघडत नव्हता. पण कार्ड चालू होतं, म्हणून आणखी दोन वर्षं गाडी चालली. मग १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना ग्राहकाची नव्यानं रीतसर संमती हवी. नियम चांगलाच, गुपचूप पैसे कापणाऱ्यांना चाप लावणारा. पण जुन्या कितीतरी व्यवस्था त्या दिवशी मुक्यानं बंद पडल्या. आमचीही त्यातलीच. जानेवारीत कंपनीनं कार्ड लावून पाहिलं, पैसे आले नाहीत, इशारे पाठवले. ते सगळे त्या न उघडलेल्या ईमेलमध्ये जाऊन पडले.

म्हणजे कंपनी खोटं बोलत नव्हती. नियमच असा आहे. डॉट कॉमसारख्या नावांचा जागतिक कारभार आयकॅन ही संस्था बघते, १९९८ मध्ये स्थापन झालेली. २०१३ पासून तिचा दंडक आहे की मुदतीच्या सुमारे एक महिना आधी, मग एक आठवडा आधी आणि मुदत टळल्यावर पाच दिवसांत असे किमान तीन इशारे द्यायचे. त्यानंतरचं गणित असं : मुदत संपल्यावर कंपनी आपल्या मर्जीनं ४५ दिवसांपर्यंत नाव धरून ठेवू शकते आणि त्यात बहुधा नेहमीच्या फीत काम होतं. मग ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ, त्यात जबर दंड. मग पाच दिवस नाव गोठतं, कोणीच काही करू शकत नाही. मग ते बाजारात पडतं. बारा जानेवारीपासून मोजा : २६ फेब्रुवारी, २८ मार्च, २ एप्रिल.

सोडवणुकीचा काळ ही मुळात ग्राहकासाठी केलेली दया होती, हेही सांगितलं पाहिजे. आधी मुदत टळली की नाव सरळ दुसऱ्याच्या हाती जाई. मोठमोठे यात सापडले. सर्वांत गमतीची गोष्ट हॉटमेलची. भारतातून अमेरिकेत गेलेल्या सबीर भाटिया यांनी जॅक स्मिथबरोबर १९९६ मध्ये हॉटमेल काढलं आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टला विकलं. लॉगिनसाठी मायक्रोसॉफ्टचं 'पासपोर्ट' नावाचं वेगळं डोमेन होतं. डिसेंबर १९९९ मध्ये जगातली सर्वांत श्रीमंत कंपनी त्याचं भाडं भरायला विसरली. नाताळच्या आदल्या दिवशी लोकांची हॉटमेलं उघडेनात. शेवटी एका लिनक्सप्रेमी प्रोग्रामरनं खोट कुठे आहे ते शोधून स्वतःच्या कार्डानं फी भरली आणि गाडी सुरू झाली. किती फी? तेच ३५ डॉलर.

तेव्हा मी कॉलेजात होतो. रमजानचे दिवस होते आणि मामू सौदीत. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून त्यांना हॉटमेलवरून पत्र लिहायचो. त्या दोन दिवसांत माझं खातं अडकलं असेल तर मी नक्की कॅफेवाल्याच्या फोनलाइनला शिव्या दिल्या असणार.

मायक्रोसॉफ्टला भला माणूस भेटला. २०१५ मध्ये गूगललाही भेटला. कच्छच्या मांडवीचा, पूर्वी गूगलमध्येच नोकरी केलेला सन्मय वेद हा तरुण रात्री सहज बघत असताना त्याला चक्क 'गूगल डॉट कॉम' विकत घेता आलं, १२ डॉलरला. मिनिटभर तो मालक होता, मग व्यवहार रद्द झाला. गूगलनं त्याला बक्षीस दिलं आणि त्यानं ते दान करायला सांगितल्यावर दुप्पट केलं. मोठ्यांच्या चुकीवर अशी फुलं पडतात. लहानाच्या चुकीवर यंत्रं टपलेली असतात. मुदत संपणाऱ्या नावांच्या याद्या विकल्या जातात, आणि नाव सुटल्या क्षणी ते झडपणारे प्रोग्राम असतात. जुन्या नावाला भेट देणारी माणसं आयती मिळतात, म्हणून तिथे जाहिरात लावली की धंदा. आमच्या पत्त्यावर रमजानमध्ये गल्फहून येणारे शेकडो लोक कोणासाठी तरी माल होते.

भारतात हा धंदा कसा आला, तेही थोडक्यात. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. पण 'डॉट इन' हा आपला गट त्याआधी, १९८९ मध्येच मिळाला होता आणि त्याची वही मुंबईत जुहूला होती, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेत. तिथे नाव मिळवणं म्हणजे रेशनकार्ड मिळवण्यासारखं. कागदपत्रं दाखवा, संस्थेच्या नावाशी जुळणारंच नाव मागा. १९९२ ते २००४ या काळात सगळी मिळून सात हजारांच्या आसपासच नावं नोंदली गेली. एवढ्या मोठ्या देशात! म्हणून भारतीयांनी डॉट कॉमची वाट धरली. २००५ च्या सुरुवातीला सरकारनं धोरण बदललं, काम निक्सी या संस्थेकडे आलं आणि नोंदणी सर्वांना खुली झाली. नावांची दुकानं निघाली. मुंबईत भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ मध्ये, विशी गाठण्याआधी, डिरेक्टी सुरू केली होती. ती या व्यवसायातल्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत गेली आणि २०१४ मध्ये तिचा हा विभाग अमेरिकेच्या एन्ड्युरन्सनं घेतला. म्हणजे मुंबईची दोन पोरं हा धंदा जगाला शिकवत होती आणि आम्हाला रत्नागिरीत नाव कोणाच्या खात्यावर आहे हे विचारायचं सुचलं नव्हतं.

दुकानं वाढली तशा भाव उतरला, हे कबूल. एका डॉट कॉममागे दुकानदार वरच्या घाऊक कंपनीला, व्हेरिसाइनला, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला १०.२६ डॉलर देतो. त्यावर त्याला सुटतं ते थोडंच. प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून 'सर, मुदत आली' म्हणणं त्याला परवडत नाही, हे मला पटतं. पण मग तो कमावतो कुठे? पहिल्या वर्षी स्वस्तात देऊन दुसऱ्या वर्षी चढ्या भावात, आणि विसरलेल्यांकडून दंडात. ज्याच्या विसरण्यावर दुकान चालतं, त्याला तो आठवण किती जोरात करून देईल?

या धंद्यातले इतर नमुनेही पाहून ठेवा. २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 'डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका' नावाच्या कंपनीवर कारवाई केली. ती दुसऱ्यांच्या गिऱ्हाइकांना सरकारी वाटावीत अशी नूतनीकरणाची बिलं टपालानं पाठवी. लोक घाबरून पैसे भरत आणि नकळत त्यांचं नाव तिच्याकडे जाई. तसली ईमेलं आजही येतात. जानेवारी २००८ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्सनं आणखी पुढची चाल केली. एखादं नाव मोकळं आहे का, असं कोणी तिच्या साइटवर नुसतं पाहिलं की ती ते नाव स्वतःच अडवून ठेवी. मग घ्यायचं तर तिच्याकडूनच, तिच्या भावात. कापडाच्या दुकानात तुम्ही थानाला हात लावला की दुकानदारानं ते कपाटात बंद करावं तसं. आणि २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय हे दुकानच बुडालं. पैसे घेतलेले, नूतनीकरण केलेलं नाही, फोन उचलायला कोणी नाही. आयकॅननं तिची मान्यता काढली आणि सुमारे साडेआठ लाख नावं दुसऱ्या कंपनीकडे हलवली. तेव्हापासून आयकॅननं प्रत्येक दुकानदाराला ग्राहकांच्या नोंदींची प्रत तिसऱ्याकडे ठेवायला लावण्याचा नियम खऱ्या अर्थानं राबवायला घेतला. नक्कल ठेवून घ्यावी आणि मूळ कागद परत द्यावा, हे आदिलशाही कारकुनाला आधीच माहीत होतं.

आमचं पुढे काय झालं? साडेनऊ हजार जमवायला एक दिवस लागला. मेडिकलवाल्यानं गल्ल्यातून काढून दिले. पण ओटीपी कतारमधल्या मुलाच्या बंद सिमवर जात होता. त्याला शोधायला चार दिवस गेले. सापडला तो वाळवंटातल्या एका साइटवर, सुट्टी फक्त शुक्रवारी. मग कंपनीला त्याचा ओळखपत्राचा फोटो हवा होता, आधार आणि खात्यातलं नाव यांत एक अक्षर वेगळं होतं, कारण उर्दूतला ऐन इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कारकून वेगळा लिहितो. शाळेच्या दाखल्यांवर हीच लढाई मी वीस वर्षं लढतो आहे. ईमेल, उत्तर, पुन्हा ईमेल. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. २८ मार्चच्या संध्याकाळी खातं उघडलं तेव्हा कंपनीचा निरोप आला की सोडवणुकीचा काळ संपला आहे. "सॉरी सर, सिस्टीम अलाउ करत नाही."

२ एप्रिलला गुढीपाडवा होता. त्या दिवशी नाव सुटलं. सुटताच आपण घ्यायचं म्हणून एक विद्यार्थी रात्रभर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याला ते दिसलंच नाही. यंत्रानं घेतलं. ३ एप्रिलला पहिला रोजा, आणि आमच्या पत्त्यावर नव्या मालकाची पाटी : हे नाव विकणे आहे, अडीच हजार डॉलर. खाली पुन्हा रम्मी.

त्या रमजानमध्ये मी जास्त वेळ फोनवर होतो. गल्फमधल्या प्रत्येक गटात आवाज टाकून सांगत होतो की तो पत्ता आता आपला नाही, तिथे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. कोणी मागितले नाहीत, अल्हमदुलिल्लाह. पण निधी निम्म्यावर आला. एका जुन्या देणगीदारानं मला विचारलं, "सर, मंडळ बंद पडलं म्हणतात ते खरं का?" बंद पडलेलं नव्हतं. पाटी गेली होती. लोकांना पाटीच दिसते.

ईदनंतर नवं नाव घेतलं. या वेळी 'डॉट इन'मध्ये, मंडळाच्या नावानं, मंडळाच्या ईमेलनं, एकदम दहा वर्षांसाठी. त्याहून जास्त मुदत मिळत नाही. मुदतीची तारीख मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिली आहे आणि खात्याचा पासवर्ड तिघांकडे आहे. तुमच्या मशिदीची, शाळेची, पतपेढीची साइट असेल तर ती कोणाच्या नावावर आहे, एवढं आज विचारून बघा. बनवणारा पोरगा कितीही गुणी असला तरी. दुकानदार पसंत नसेल तर नाव दुसऱ्या दुकानात हलवायचा हक्क तुम्हाला आहे. खात्यातून एक गुप्त कोड मिळतो, तो मागायचा. फक्त नवं नोंदवून किंवा नुकतंच हलवून साठ दिवस झालेले असावेत, आणि मुदत तोंडावर आलेली नसावी.

माझी इच्छा नाव उर्दूत घ्यायची होती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीत 'डॉट भारत' सुरू झालं, मराठी, हिंदी, कोकणी वगैरेंसाठी, आणि उर्दू लिपीतही भारत लिहिलेला गट आहे. पण आतल्या यंत्रांना अजून रोमन अक्षरंच कळतात. तुम्ही देवनागरीत 'भारत' लिहिलं की पडद्यामागे त्याचं 'एक्सएन, दोन आडव्या रेघा, एच२बीआरजे९सी' असं होतं. मी हे फळ्यावर लिहून नववीच्या मुलांना दाखवलं. एक पोरगी म्हणाली, "सर, हे तर आधार नंबरसारखं दिसतं." बँकेचा फॉर्म असला पत्ता घेत नाही, अर्ध्या ठिकाणी ईमेल चालत नाही. म्हणून मंडळानं रोमनच घेतलं. मी बैठकीत एकटाच विरोधात होतो.

राहिले तांडेलांचे आवाज. नाव आणि साठवणीची जागा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हेही तेव्हाच कळलं. आमच्या दोन्ही एकाच खात्यावर होत्या, त्यामुळे जागेचंही भाडं थकलं होतं आणि फाइली पुसल्या गेल्या होत्या. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था जगभरच्या साइटांच्या प्रती काढून ठेवते. तिथे आमची पानं सापडली, हिशेब सापडले, फोटोही थोडे सापडले. ध्वनिफिती नव्हत्या. त्या ज्या मोबाइलवर नोंदवल्या होत्या तो कोणाकडे आहे, हे शोधता शोधता मागच्या पावसाळ्यात एक जुना हँडसेट मिळाला, बॅटरी फुगलेला. दुरुस्तीवाल्यानं त्यातलं कार्ड काढून दिलं. अकरांपैकी तीन आवाज त्यात आहेत. एकात मागे सतत कावळे ओरडतात आणि तांडेलचाचा दर दोन वाक्यांनी थांबून विचारतात, "हे टिकेल ना रे?" बाकीचे आठ शोधतो आहोत. २०१३ साली मिरकरवाड्यात किंवा राजिवड्यात कोणी आपल्या दादांचं बोलणं आमच्याकडून मेमरी कार्डात भरून घेतलं असेल, तर शाळेत माझ्याकडे आणून द्या. प्रत काढून घेईन आणि कार्ड परत देईन.